पावसाच्या पलीकडचा पाइन : चिलगोजा

नाशिकच्या मेन रोडवर किंवा रविवार कारंजाच्या आसपास सुकामेव्याच्या एखाद्या जुन्या दुकानात गेले, तर काजू, बदाम आणि मनुका दर्शनी भागात हारीने मांडलेले दिसतात. चिलगोजा मात्र मागच्या फळीवर घट्ट झाकणाच्या बरणीत असतो, आणि तो मागितला की दुकानदार किलोचा भाव सांगण्याआधी ‘किती ग्रॅम देऊ?’ असे विचारतो. किलोचा भाव काही हजारांत असल्यामुळे त्याचा प्रश्न रास्तच म्हणायचा. मनुका आपल्याच जिल्ह्यात होते, त्यामुळे तिचा भाव का चढला किंवा का पडला याची चर्चा येथे कोणीही करू शकतो. चिलगोज्याबद्दल मात्र ‘तो वर काश्मीरकडून येतो’ यापलीकडे बहुतेकांना काही माहीत नसते. ही एका पाइन वृक्षाची बी आहे. तो वृक्ष हिमालयाच्या आणि त्याला लागून असलेल्या पश्चिमेकडील डोंगरांच्या एका कोरड्या पट्ट्याबाहेर आपणहून कोठेही वाढत नाही. हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात ती झाडे जवळून पाहिल्यापासून माझे असे मत झाले आहे की या बीचा भाव बाजारात ठरण्याच्या कितीतरी आधी त्या झाडाच्या स्वभावात ठरलेला असतो, आणि हा लेख त्या स्वभावाविषयीच आहे.

आधी बीकडेच पाहू. साधारण दोन सेंटिमीटर लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली, गडद तपकिरी रंगाची ही बी हातात घेतली की हलकी वाटते. तिचे कवच इतके पातळ असते की अक्रोडासारखा अडकित्ता किंवा हातोडी लागत नाही. दोन बोटांच्या चिमटीत किंवा दातांखाली हलके दाबले तरी ते तडकते. आत पांढरट गर आणि त्यावर कागदाहून पातळ असे तपकिरी आवरण असते. गर नखाने उभा चिरला, तर मधोमध दोऱ्याएवढा बारीक अंकुर दिसतो. त्याच्याभोवतीचा सगळा गर म्हणजे त्या अंकुरासाठी झाडाने बांधून दिलेली शिदोरी असते. त्या गराचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो, म्हणूनच चार बिया खाल्ल्या तरी तोंडात लोण्यासारखी चव बराच वेळ रेंगाळते. एवढी तेलकट, एवढी मोठी आणि एवढ्या पातळ कवचाची बी तयार करणे झाडाला स्वस्तात पडत नाही, हे येथेच लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

पाइन म्हटल्यावर आपल्याकडे थोडा घोटाळा होतो. गंगापूर रोडवरच्या रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत विकले जाते ते बहुधा अरॉकेरिया असते, आणि कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला अनेक पर्यटक पाइन समजतात तो सुरू असतो, ज्याचा पाइनशी दूरचाही संबंध नाही. खरे पाहता विंध्याच्या दक्षिणेस एकही पाइन मूळचा नाही. कोडाईकनाल, उटी किंवा मुन्नारला जी पाइनची बने पर्यटकांना दाखवतात, ती माणसाने लावलेली आहेत. दक्षिण भारतातला एकमेव मूळचा शंकुधारी वृक्ष नॅजेया हा पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या सदाहरित जंगलात सापडतो, आणि त्याची पाने रुंद असल्यामुळे तो शंकुधारी आहे हे पाहून कोणाला सुचणारही नाही. त्यामुळे मराठी माणसाला पाइन हे झाड घरच्या अंगणातून किंवा गावच्या रानातून माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही. ते सहलीत, मोटारीच्या खिडकीतून भेटते, आणि अशा भेटीत सगळे पाइन सारखेच दिसतात.

ते सारखे नसतात. हिमालयात चढत जाताना सर्वप्रथम चीड भेटतो. साधारण पाचशे ते दोन हजार मीटरपर्यंत, म्हणजे पायथ्याच्या उष्ण टेकड्यांपासून मधल्या उंचीपर्यंत, त्याचे राज्य असते; त्याची सुईसारखी पाने तीन-तीनच्या जुडग्यात, वीस ते तीस सेंटिमीटर लांब आणि लोंबती असतात, आणि जाड, तांबूस, भेगाळलेली साल त्याला वणव्यातून वाचवते. त्याच्या वर कैल भेटतो, ज्याची निळसर पाने पाच-पाचच्या जुडग्यात असतात आणि लांबोळे शंकू फांद्यांच्या टोकांना लटकलेले असतात. शिमला, मनाली किंवा नैनितालला जाणारा नाशिककर हे दोन पाइन पाहून परततो. चिलगोजा त्याला दिसत नाही, कारण चिलगोजा या मार्गांवर नाहीच. तो उंचीने या दोघांपासून फार दूर नाही. तो दूर आहे तो पावसाच्या बाबतीत.

सुमारे अठराशे मीटरपासून तेहतीसशे मीटरपर्यंत हे झाड आढळते. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर, 1646 मीटरवर, उभे राहून आणखी दीडशे मीटर चढायची कल्पना केली, तर तेथे चिलगोज्याची खालची हद्द सुरू होईल. पण केवळ उंचीने भागत नाही. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला पर्जन्यछाया शिकवावी लागत नाही: इगतपुरी आणि त्र्यंबकला जून ते सप्टेंबर झोडपून काढणारा पाऊस नाशिक शहरात येईपर्यंत निम्म्याहून खाली येतो, आणि सिन्नर, येवल्याच्या वाट्याला त्याची नुसती शिंतोड उरते. हेच नाट्य हिमालयात कित्येक पटींनी मोठ्या प्रमाणावर घडते. मोसमी वारे बाहेरच्या रांगांवर आपला सगळा भार रिकामा करतात आणि मुख्य रांगेच्या मागच्या दऱ्या उन्हाळ्या-पावसाळ्यात जवळजवळ कोरड्या राहतात. तेथे जे काही पाणी मिळते, त्याचा मोठा वाटा हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांच्या बर्फाचा असतो. चिलगोजा या मागच्या दऱ्यांचा रहिवासी आहे. त्याला वसंतात वितळणारे बर्फ हवे, उन्हाळ्यात लख्ख ऊन हवे आणि पावसाळ्याची संततधार नको. नाशिकच्या हवेत त्याचे रोप का टिकणार नाही याची दोन कारणे या एका वाक्यात आली: आपल्याकडे वसंतात वितळून त्याच्या मुळांना पाणी देणारे बर्फ नाही, आणि आहे तो पाऊस नको त्या महिन्यांत पडतो.

सतलजच्या खोऱ्यातून शिमल्याहून वर जाताना ही हद्द डोळ्यांना दिसते. रामपूर ओलांडले तरी डोंगर बऱ्यापैकी हिरवे असतात. वांगतूच्या आसपास नदी मुख्य हिमालय कापून येते तेथे दरी अरुंद होते, कडे अंगावर येतात आणि त्यापुढे डोंगरांचा रंग बदलू लागतो. हिरवळ ओहोळांपुरती आणि गावांच्या पाटांपुरती उरते, बाकी सगळा खडक आणि घसारा, म्हणजे उतारावर साचलेले सुटे दगड, असतात. याच घसाऱ्यावर, जेथे पाऊल ठेवताना दगड सुटतील की काय अशी भीती वाटावी अशा उतारांवर, एकमेकांपासून अंतर राखून उभी असलेली फिकट हिरव्या रंगाची झाडे दिसू लागतात. कल्पा, रिकांग पिओ, पुरबनी, रिब्बा, अकपा, मूरंग असे करत ती पूहच्या दिशेने विरळ होत जातात, कारण त्यापुढे स्पितीचे शीत वाळवंट सुरू होते आणि तेवढा कोरडेपणा त्यांनाही झेपत नाही. कल्प्याच्या बाजूला सावलीच्या, ओल धरणाऱ्या उतारांवर देवदार असतो आणि त्याच डोंगराच्या उन्हाकडच्या, खडकाळ अंगावर चिलगोजा असतो. दोघांनी डोंगर आपसांत वाटून घेतल्यासारखा दिसतो.

भारतात किन्नौरखेरीज चंबा जिल्ह्यातील पांगी आणि भरमौरच्या भागात, तसेच जम्मू-काश्मीरच्या काही आतल्या दऱ्यांत हे झाड आहे. सीमेपलीकडे गिलगिट, चित्राल, वझिरीस्तान आणि बलुचिस्तानची सुलेमान पर्वतरांग, आणि त्याही पलीकडे पूर्व अफगाणिस्तान, एवढाच त्याचा मुलूख. नकाशावर हे ठिपके जोडले तर पट्टा लांबलचक दिसतो, पण प्रत्यक्षात तो सलग नसून दऱ्यादऱ्यांत तुटलेला आहे, आणि एका दरीतले झाड नष्ट झाले तर शेजारच्या दरीतून बी उडत येऊन ते पुन्हा उगवेल अशी सोय नाही. ती का नाही, ते पुढे येईलच.

झाड जवळून पाहिले की पहिले लक्ष जाते ते सालीकडे. इतर पाइनची साल खरखरीत आणि भेगाळलेली असते. चिलगोज्याची साल गुळगुळीत आणि पातळ असून तिचे पापुद्रे सुटून पडतात, आणि प्रत्येक पापुद्र्याखाली वेगळ्या वयाची नवी साल उघडी पडत असल्यामुळे एकाच खोडावर राखाडी, रुपेरी, पोपटी, फिकट तांबूस असे डाग शेजारीशेजारी दिसतात. मी रिब्बाच्या वाटेवर अशा एका खोडावर तळहात ठेवला होता. भर दुपारी, आजूबाजूचे दगड चटका देत असताना, ते खोड गार लागले आणि हाताला राळेचा चिकटपणा न येता पिठासारखी बारीक पूड लागली. ही साल दिसायला सुंदर आहे, पण पातळ असल्यामुळे चिडाच्या सालीसारखे आगीपासून संरक्षण ती देऊ शकत नाही.

झाडाची उंची बहुधा दहा ते वीस मीटर असते. चीड याच्या दुप्पट सहज वाढतो. मोकळ्या जागी फांद्या बुंध्याजवळून सुटतात आणि वर वळतात, त्यामुळे झाड डेरेदार, काहीसे आंब्याच्या बांध्याचे वाटते. पाने तीन-तीनच्या जुडग्यात, सहा ते दहा सेंटिमीटर लांब आणि ताठ असतात. तीन पाने पाहून कोणी त्याला चिडाचा जवळचा भाऊ ठरवील, पण वनस्पतिशास्त्र त्याला पाच पानांच्या कैलाच्या बाजूला बसवते, कारण पानांच्या बुडाशी असणारे आवरण चिडात कायम राहते आणि चिलगोज्यात पहिल्याच वर्षी गळून पडते. त्याची खरी सख्खी भावंडे चीनमध्ये आहेत: एक तेथील मंदिरांच्या आवारांत लावला जाणारा, अशाच ठिपक्याठिपक्यांच्या सालीचा पाइन, आणि दुसरा युन्नान प्रांतात 1990च्या दशकाच्या आरंभी उजेडात आलेला, ज्याची रानात अगदी मोजकी झाडे उरली आहेत. शास्त्रीय नाव पायनस जेरार्डियाना. ते जेरार्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यावरून पडले आहे. किन्नौरची माणसे त्याला न्योजा म्हणतात आणि कोणा जेरार्डने ते ‘शोधण्याआधी’ पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत, हे वेगळे सांगायला नको.

आता शंकू. चिलगोज्याच्या मादीशंकूवर वसंताच्या अखेरीस पराग पडतात, पण त्या वर्षी त्यापुढे फारसे काही होत नाही. शंकू लहानसाच राहून बर्फाखाली हिवाळा काढतो, पुढच्या उन्हाळ्यात भराभर फुगतो आणि त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकतो. म्हणजे पिकलेला, हातभर अंतरावरून दिसणारा हिरवा, राळेने माखलेला शंकू ज्या फांदीवर असतो, त्याच फांदीच्या टोकाकडे पुढच्या वर्षीचे बोराएवढे शंकूही असतात. शिवाय दरवर्षी सारखे पीक येत नाही; एक वर्ष भरघोस आले तर पुढची वर्षे सुमार जातात. झाड मुळात संथ वाढणारे असल्याने पहिले शंकू धरायलाही त्याला कित्येक वर्षे लागतात, आणि रोप लावणाऱ्याने त्याच्या उत्पन्नावर काही बेत आखावेत अशी स्थिती नसते.

शंकू तसाच झाडावर राहू दिला, तर त्याच्या खवल्या उघडतात आणि बिया खाली पडतात. चिडाच्या बीला पातळ पंख असतो आणि ती वाऱ्यावर गिरक्या घेत दूर जाते. चिलगोज्याच्या बीला पंख जवळजवळ नसतोच, आणि असता तरी एवढी जड बी त्याने वाहून नेली नसती. ती झाडाखालीच पडते, आणि तेथे तिला खाणारे उंदीर-खारी टपलेले असतात. तिला दूर नेण्याचे काम पक्षी करतो. नटक्रॅकर नावाचा, कावळ्याच्या कुळातला, पांढऱ्या ठिपक्यांचा पक्षी मजबूत चोचीने बिया काढतो, घशात साठवून नेतो आणि हिवाळ्यासाठी जमिनीत जागोजागी पुरून ठेवतो. त्यातल्या ज्या राहून जातात त्यांतून नवी झाडे उगवतात. तेलाने भरलेली महागडी बी बनवण्यामागे झाडाचा हिशेब हाच आहे: पक्ष्याला मजुरी भरपूर द्यायची आणि उरलेल्यातून वंश चालवायचा. हिशेब उत्तम आहे, फक्त त्यात उरायला काही हवे.

उरत नाही, कारण माणूस पक्ष्याच्या आधी पोहोचतो. शंकू उघडण्याआधी, हिरवे असतानाच, लांब काठीला लावलेल्या विळ्याने किंवा झाडावर चढून ते तोडले जातात, ढीग घालून वाळवले जातात आणि खवल्या सुटल्या की झोडपून बिया काढल्या जातात. किन्नौरच्या गावांना आपापल्या जंगलातून चिलगोजा गोळा करण्याचे पारंपरिक हक्क आहेत, आणि जेथे गावकरी स्वतः तोडणी करतात तेथे झाडाची बूज राखली जाते असे मला तेथील लोकांशी बोलताना जाणवले. अनेक ठिकाणी मात्र गाव आपले जंगल हंगामापुरते ठेकेदाराला देते, ठेकेदाराचे मजूर बाहेरून आलेले असतात, त्यांची मजुरी भरलेल्या पोत्यांवर ठरते, आणि शंकू एकेक तोडण्यापेक्षा अख्खी फांदी खाली पाडणे त्यांना सोयीचे जाते. त्या फांदीबरोबर पुढच्या वर्षीचे शंकूही जातात. परत आल्यावर हे मी दिंडोरीला आमच्या मेहुण्यांना सांगितले, तेव्हा द्राक्षबागेत उभी हयात गेलेल्या त्या माणसाने क्षणाचाही विचार न करता म्हटले, ‘म्हणजे पुढच्या सालाची मालकाडीच तोडली म्हणा की!’ मालकाडी म्हणजे द्राक्षवेलीची ज्या काडीवर घड येतात ती. मी तीन परिच्छेदांत जे मांडले ते त्यांनी एका वाक्यात निकाली काढले.

या तोडणीचा दुसरा परिणाम त्याहून गंभीर असून तो चटकन डोळ्यांत भरत नाही. जंगलात उभे राहून पाहिले तर मोठी, जुनी झाडे भरपूर दिसतात आणि सगळे ठीक आहे असे वाटते. नंतर लक्षात येते की गुडघ्याएवढी, कमरेएवढी, माणसाएवढी झाडे जवळपास दिसतच नाहीत. बी शिल्लक राहत नाही, राहिली तर उंदीर खातात, उगवली तर शेळ्या-मेंढ्या खातात, आणि त्यातूनही वाचली तर त्या घसाऱ्यावर कोवळ्या रोपाला एक कोरडा उन्हाळा पुरतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत चिलगोजा ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ अशा अर्थाच्या वर्गात आहे. वनखात्याच्या रोपवाटिकांत रोपे केली जातात, लावलीही जातात. पण बर्फ, दगड, शेळ्या आणि संथ वाढ यांच्याशी त्यांची गाठ असते.

मागणी मात्र वाढतच आहे, आणि तिचा ओढा आता केवळ दिल्लीच्या खारी बावली या सुकामेव्याच्या बाजारापुरता राहिलेला नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये काबूलहून शांघायला चिलगोज्याची थेट विमानवाहतूक सुरू झाली. त्यानंतर अफगाण माल चीनच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. सीमावर्ती डोंगरातील गरीब कुटुंबांना चार पैसे मिळतात याचा आनंदच आहे, पण भाव जितका चढेल तितकी शेवटची बीही झाडावर न ठेवण्याची ओढ वाढते, हेही तितकेच खरे. मे 2022 मध्ये बलुचिस्तानच्या शेरानी जिल्ह्यात सुलेमान रांगेवरील चिलगोज्याच्या जंगलाला भीषण आग लागली, काही माणसे दगावली, आणि ती विझवण्यासाठी इराणला मोठे विमान पाठवावे लागले. ते जगातील चिलगोज्याच्या सर्वांत मोठ्या सलग जंगलांपैकी एक आहे. तेथे जळालेल्या झाडांची जागा नवी झाडे कधी घेतील याचा अंदाज वरच्या मजकुरावरून वाचकाने करावा.

किन्नौरमध्ये चिलगोजा हा नुसता विक्रीचा माल नाही. लग्नकार्यात आणि पाहुण्यांच्या स्वागतात बिया दोऱ्यात ओवून माळा घातल्या जातात, आणि हिवाळ्यात रस्ते बंद झाल्यावर शेगडीभोवती बसून त्या सोलत गप्पा मारणे हा तेथील संध्याकाळचा रिवाज आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नोंदींत किन्नौरची, म्हणजे त्या काळच्या कुनावरची, अशी एक म्हण आढळते की एक झाड म्हणजे हिवाळ्यात एका माणसाचा जीव. सफरचंदाच्या बागा येण्यापूर्वी ती शब्दशः खरी असणार.

विकत घ्यायचा असेल तर दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होत असल्याने नवा माल दिवाळीच्या सुमारास आणि त्यानंतर नाशिकला येतो. मे-जूनमध्ये मिळणारा बहुधा मागच्या हंगामाचा असतो. तेलाचे प्रमाण जास्त असल्यामुळे तो लवकर खवट होतो, म्हणून कवचासह, थोडाच घ्यावा आणि घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा. घेण्यापूर्वी एक बी फोडून खाऊन पाहण्यास कोणताही दुकानदार नाही म्हणत नाही. जिभेच्या मागच्या बाजूला जळजळीत कडवटपणा आला तर बरणी परत फळीवर जाऊ द्यावी. सोललेल्या, पांढऱ्या, आखूड, थेंबाच्या आकाराच्या बिया ‘पाइन नट’ म्हणून पाकिटात मिळतात, त्या पूर्व आशियातील दुसऱ्याच पाइनच्या असतात. त्या वाईट नसतात, पण त्यांत कधी कधी चीनमधील आर्मंड पाइनच्या बियांची भेसळ असते, आणि ती खाल्ल्यावर काही जणांच्या तोंडाला एक-दोन दिवसांनी धातूसारखी कडू चव येऊन ती पुढे बरेच दिवस टिकते. ती आपोआप जाते, औषधाची गरज पडत नाही. चिलगोजा मात्र लांब, बारीक आणि कवचात असतो, त्यामुळे त्याची ओळख पटवायला अडचण येत नाही. आमच्या घरी पन्नास ग्रॅम आणला की तो मंद आचेवर लोखंडी तव्यात दोन-चार मिनिटे परततो, आणि सोलण्याचे काम ज्याचे त्याने करायचे असा नियम आहे.